न्यूझीलंडला भाड्याची गाडी घेतली, ४ स्टार
सांगलीहून जाणार असाल तर आधी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, १ वर्ष चालतं, मूळ लायसन्सपण सोबत ठेवा. क्राइस्टचर्चला मिळालेली गाडी एकदम टकाटक, टायर नवे, काउंटरवरच्या ताईंनी सगळं शांतपणे समजावलं. एक स्टार कापला तो डिपॉझिटसाठी, क्रेडिट कार्डवर एवढी रक्कम ब्लॉक करणार हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं राव. गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळं आपल्याला जड जात नाही, पण तिकडं हायवेवरपण मधेच एकेरी पूल येतात आणि बोर्डावर आपल्या बाजूचा बाण छोटा, लाल असेल तर आपणच थांबायचं, समोरचा लांब दिसतोय म्हणून घुसायचं नाही, जीवाशी खेळ आहे तो. खडीच्या रस्त्यावर इन्शुरन्स चालतो का ते सही करायच्या आधीच विचारा.