मामा तलावातला गाळ: कुठे खणायचं, ते कोणत्या नकाशावर पाहावं?

ग्रामसभेत गाळ काढायचं ठरलं की चर्चा लगेच जेसीबीच्या भाड्यावर येते. त्याआधी ठरवायला हवं, तलावात खणायचं नेमकं कुठे. भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावांसाठी (जुन्या मालगुजारांच्या काळातले गावतलाव) तीन फुकट साधनं आहेत.

मोजमापाला गुगल अर्थ प्रो सर्वांत सोपं. पाळ (तलावाचा मातीचा बांध), सांडवा, ट्रॅक्टरची वाट सगळं ओळखू येतं, आणि बुडीत क्षेत्राभोवती रेघ ओढली की हेक्टर कळतात. १ हेक्टरवर १ फूट गाळ म्हणजे सुमारे ३,००० घनमीटर, हजाराहून थोडे जास्त ब्रास. मात्र तिथे दिसणाऱ्या उंचीवरून तलावाची खोली काढू नका. ती बहुतांशी फेब्रुवारी २००० मधल्या रडार मोजणीची आहे, आणि रडारला पाण्याखालचा तळ दिसत नाही.

माझी खरी शिफारस कोपर्निकस ब्राउझरची, म्हणजे युरोपच्या उपग्रहांची चित्रं दाखवणाऱ्या संकेतस्थळाची. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं साधारण दर ५ दिवसांनी मिळतात. पावसाळ्यात ढग आड येतात, म्हणून नोव्हेंबर ते मे अशी महिन्यामागून महिना पाहा. पाणी आधी कुठून हटतं आणि शेवटी कुठे उरतं, हे स्पष्ट दिसतं. मग सारख्या पावसाची दोन वर्षं निवडून तोच महिना ताडून पाहा. डबकं आक्रसलं असेल तर तिथे गाळाचा संशय धरता येतो. पण एक ठिपका १० मीटरचा असल्याने लहान बोडीसाठी (छोट्या तळ्यासाठी) याचा उपयोग नाही. बेशरमाची झुडपं माजलेली असतील तर खाली पाणी असूनही चित्रात जमीनच वाटते.

इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ वेगळ्या कामाचं. जमीन-वापराचे थर लावले की तलावाच्या वरच्या भागात पडीक किती, जंगल किती, म्हणजे गाळ कुठून येत असेल, याचा अंदाज बांधता येतो. गावच्या नेटवर ते रखडतं.

एकच निवडायचं असेल तर कोपर्निकस घ्या. गाळाची जाडी मात्र तिन्हींपैकी एकही सांगत नाही. त्यासाठी छापलेलं चित्र घेऊन मे महिन्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या जाणत्यांबरोबर तलावात उतरा. देवधान (आपोआप येणारा रानभात) कुठे उगवतं, मासळी उन्हाळ्यात कुठल्या डोहात तगते, हे त्यांना ठाऊक असतं. तेवढा भाग सोडा. पाळीच्या पायथ्याशीही खणू नका. उरलेल्या जागी हातभर रुंद खड्डे घेऊन काळा गाळ संपून मूळ माती कुठे लागते ते मोजा, आणि मगच जेसीबीवाल्याशी बोला.