पेन ड्राइव्हवर सॉफ्टवेअर: पोर्टेबलॲप्सचा मेनू की सुट्या झिप?

कॉलेजची लॅब, ऑफिसचा पीसी, कधी मामाकडचं जुनं मशीन, असं दुसऱ्याच्या विंडोजवर ज्यांचं काम चालतं त्यांच्यासाठी लिहितोय. मशीनवर काही इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालणारी, म्हणजे पोर्टेबल, सॉफ्टवेअर न्यायचे दोन मार्ग आहेत: प्रत्येकाची झिप वेगळी आणायची, किंवा पोर्टेबलॲप्स हा अशी सॉफ्टवेअर एका मेनूत देणारा संच घ्यायचा. ऑफिसच्या ॲडमिनने पेन ड्राइव्हवरून एक्झीई (प्रोग्रॅमची फाइल) चालवणंच बंद केलं असेल तर दोन्ही पर्याय बाद, तेव्हा ते आधी बघा.

सुट्या झिपचं सुख म्हणजे मधे कुणी नाही. सुमात्रा पीडीएफ, कीपास, नोटपॅड प्लस प्लस यांच्या पोर्टेबल झिप आणा, फोल्डरमध्ये सोडा, डबल क्लिक, झालं. सेटिंग्ज तिथेच राहतात. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरची झिप असेल तर आत डेटा नावाचा (नाव इंग्रजीतच) फोल्डर करायचा, की एक्स्टेन्शनसकट सगळं पेन ड्राइव्हवरच राहतं.

पोर्टेबलॲप्सचा कारभार जरा जड आहे. जॉन हॅलरने २००४ मध्ये पोर्टेबल फायरफॉक्सपासून हे सुरू केलं, आता बरीच सॉफ्टवेअर्स आहेत, पण प्रत्येकाला स्वतःचा लाँचर, म्हणजे सॉफ्टवेअर उघडून देणारा छोटा प्रोग्रॅम, तो आधी तुमच्या सेटिंग्ज मांडणार, बंद करताना आवरून परत ठेवणार, त्यामुळे उघडायला वेळ आणि मिटायलाही वेळ. घाईत ड्राइव्ह उपसला की पुढच्या वेळी कुरकुर ऐकायची. त्यात विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हचं ऑटोरन (ड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम आपोआप सुरू होणं) बंद, म्हणजे मेनूही हाताने उघडा. आणि स्वस्तातल्या ड्राइव्हवर फायरफॉक्स तर रडवतोच, तो सतत बारीक बारीक काहीतरी लिहीत बसतो.

एवढं असून मी मेनूकडे का झुकलो? कारण झिप उघडून चालतं म्हणजे ते पोर्टेबल असतंच असं नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची साधी झिप घ्या, ती आपल्या सेटिंग्ज त्या मशीनच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवते, ७-झिप विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या कोठारात. चालताना काहीच कळत नाही. नंतर दुसऱ्या मशीनवर सबटायटलचा फाँट परत मोठा करत बसा, आणि आधीच्या मशीनवर तुम्ही काय काय बघितलं त्याची यादी तशीच, मामांनी प्लेअर उघडला की समोर. मला चिडचिड झाली ती याचीच, की प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरला हा आपला कचरा कुठे टाकतो ते आपण शोधायचं. पोर्टेबलॲप्सचा लाँचर नेमकं हेच आवरतो, वेळ खातो तो त्यासाठीच. शिवाय ड्राइव्ह इथे ई तर तिथे जी झाला तरी बऱ्याचदा पाथ (फाइलींचा पत्ता) तोच सांभाळून घेतो, आणि अपडेट एका ठिकाणाहून होतात.

अर्थात तुमची गरज दोन-तीन सॉफ्टवेअरची असेल आणि तुम्हाला ती नीट माहिती असतील तर सुट्या झिप घ्या, मी अडवणार नाही. माझ्याकडेही व्हीएस कोड सुटाच आहे, फक्त तो फोल्डर पोर्टेबलॲप्सच्या फोल्डरमध्ये टाकलाय, त्यामुळे मेनूत दिसतो. त्याचं अपडेट तेवढं हाताने करावं लागतं.