व्हीलचेअर बास्केटबॉल: अकरा महिन्यांचा सराव आणि एक शिबिर

गेल्या एप्रिलपासून मी नागपुरातल्या एका व्हीलचेअर बास्केटबॉल वर्गाला दर बुधवारी व रविवारी जातो आणि त्याच संस्थेने डिसेंबरात भरवलेल्या तीन दिवसांच्या निवासी क्रीडा शिबिरातही राहून आलो. चार वर्षांपूर्वीच्या अपघातात माझ्या मणक्याला टी-१० या पातळीवर इजा झाली, म्हणजे साधारण बेंबीच्या खालचे शरीर माझ्या ताब्यात नाही. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही; माणसे मनापासून राबणारी आहेत, पण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या इतरत्रही लागू पडतील अशा आहेत.

पहिले दोन आठवडे बॉल हातात मिळालाच नाही. ‘भाऊ, आधी पडून दाखवा, मंग बॉल देतो,’ असे प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि गादी अंथरून मला पट्ट्याने बांधलेल्या खुर्चीसकट मागे, बाजूला, पुढे पाडले. मागे पडताना हनुवटी छातीला टेकवायची, हात मागे टेकवायचा नाही कारण मनगट मोडते, आणि उठताना एक हात जमिनीवर व दुसरा चाकावर ठेवून खुर्ची अंगासोबत उचलायची, एवढेच त्या पंधरवड्यात शिकलो. तेव्हा मला ते बालिश वाटले होते. जुलैत घरासमोरच्या ओल्या उतारावर माझी रोजची खुर्ची मागे कलंडली, तेव्हा मान आपोआप छातीकडे गेली आणि डोके फरशीवर आपटायचे वाचले. वर्गाची फी मी त्या दिवशीच वसूल झाली असे धरतो.

खेळाची खुर्ची ही वेगळीच वस्तू आहे. तिची चाके वरून आत झुकलेली आणि खाली फाकलेली असतात, त्यामुळे ती जागच्या जागी गर्रकन वळते आणि धक्क्याने सहज उलटत नाही. मात्र घराच्या दारातून ती जात नाही. आमच्या वर्गात १४ खेळाडूंना ९ खुर्च्या आहेत. पहिले दोन महिने माझ्या वाट्याला आलेली खुर्ची बैठकीत माझ्यापेक्षा दोन इंच रुंद होती. तिच्यात मी प्रत्येक वळणाला आत घसरत असे आणि डाव्या नितंबावर लाल चट्टा उठला. त्या भागाला संवेदना नसल्याने तो मला कळला नाही, रात्री पत्नीला दिसला. जखम होण्याआधी थांबलो म्हणून निभावले, तरी तीन आठवडे घरी बसावे लागले. वर्गात जाणाऱ्याने पहिल्या दिवशी बॉलपेक्षा बैठकीचे माप आणि गादी पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पंक्चर हा दुसरा ताप. बाहेरच्या आवारात बाभळीचे काटे पडतात आणि जादा ट्यूब कधीच शिल्लक नसते.

नियम समजायला सोपे आहेत. मैदान आणि १० फुटांवरची बास्केट उभ्याने खेळणाऱ्यांचीच. चाकाला दोनदा हात मारल्यावर मात्र बॉल टप्प्यावर घ्यावा, पास करावा किंवा बास्केटकडे फेकावा लागतो, तिसऱ्यांदा हात मारला की चूक. प्रत्येक खेळाडूला शारीरिक क्षमतेप्रमाणे १.० ते ४.५ गुण असतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. प्रशिक्षकांनी मला सरावापुरते २ गुण लावले आहेत. अधिकृत वर्गीकरण स्पर्धेच्या वेळी होते. या बेरजेमुळे कमी गुणांचा, म्हणजे जास्त अपंगत्व असलेला खेळाडू संघाला खरोखर हवा असतो, आणि दयेने दिलेली जागा व गरजेने दिलेली जागा यांतला फरक तिथे बसल्यावर लगेच कळतो.

नागपूरचा उन्हाळा हा या वर्गाचा खरा प्रतिस्पर्धी आहे. मे महिन्यात सराव सकाळी सहाला सुरू होऊन साडेसातला संपतो. आमच्यातल्या एकाची इजा छातीच्या वरच्या भागात आहे; इजेच्या खाली त्याला घाम येत नाही, त्यामुळे इतरांच्या आधी त्याचे अंग तापते. दर दहा मिनिटांनी त्याच्या मानेवर व हातांवर पाण्याचा फवारा मारण्याचे काम पाळीपाळीने सगळे करतात. ही शिस्त मला फार आवडली.

शिबिराबद्दल इतके चांगले लिहिता येत नाही. बोचिया शिकवला, तो सुंदर होता: पांढऱ्या चेंडूजवळ आपले चेंडू नेऊन ठेवण्याचा हा खेळ सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणे) असलेली एक मुलगी उतरत्या पन्हळीवरून इतक्या नेमकेपणाने खेळली की आम्ही सगळे तिच्यापुढे हरलो. पण उद्घाटनाला दोन तास गेले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकणारे मुरलीकांत पेटकर आणि २०१७ साली मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरणात सुवर्ण मिळवणाऱ्या कांचनमाला पांडे यांची नावे प्रत्येक वक्त्याने घेतली. तलावात उतरायला कठडा का नाही, हे मात्र कोणी विचारले नाही, आणि चौघांनी उचलून मला पाण्यात सोडले.

मुक्कामाच्या स्वच्छतागृहाचे दार २४ इंचांचे आणि माझी खुर्ची २६ इंचांची. मला दर चार-पाच तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्याची नळी, वापरावा लागतो. आडोसा करून, दुसऱ्याच्या मदतीने ते उरकण्याची लाज वाटल्याने मी दोन दिवस पाणीच कमी प्यायलो, आणि घरी आल्यावर मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन आठवडाभर तापात पडलो. चूक माझीही होती, पण दार माझे नव्हते.

अकरा महिन्यांनंतरचा हिशेब असा, की खुर्चीतून पलंगावर मी आता कोणाच्या आधाराशिवाय जातो आणि झोप लागते. उजवा खांदा मात्र दुखू लागला आहे. चाक मारणे, उचलून बसणे आणि बॉल फेकणे ही तिन्ही कामे त्याच सांध्यावर येतात, म्हणून आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस खेळू नये आणि पाठीकडच्या स्नायूंचा व्यायाम चुकवू नये, असे फिजिओथेरपिस्टने बजावले आहे.

पुढच्या सहा महिन्यांची वर्गाची फी मी भरली आहे. शिबिराचाही अर्ज आला आहे. त्यावर स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी विचारून परत पाठवला आहे, आणि उत्तर अजून यायचे आहे.