एन्ट्रा पीआयएम : ऐरोली-महापेच्या मध्यम कंपन्यांना परवडेल का?

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या शे-सव्वाशे माणसांच्या कंपनीत अ‍ॅडमिन खाती मोजायला बसलं, की गरजेपेक्षा जास्तच निघतात. मायग्रेशनसाठी व्हेंडरला दोन दिवसांपुरता दिलेला अ‍ॅक्सेस दोन वर्षांनीही तसाच असतो, कारण तो काढणं कुणाच्याच कामात धरलेलं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा या लॉगिन आणि खाती सांभाळणाऱ्या क्लाउड सेवेतलं प्रिव्हिलेज्ड आयडेंटिटी मॅनेजमेंट, म्हणजेच पीआयएम, या दुखण्यावर चांगलं चालतं. माणूस यादीत फक्त ‘एलिजिबल’, म्हणजे अधिकार मागायला पात्र, राहतो. अधिकार मागितल्यावर मिळतो आणि वेळ संपली की आपोआप जातो.

आधी पैशांचं. पीआयएमला एन्ट्राचं वरच्या दर्जाचं पी२ लायसन्स लागतं. यादीतला भाव माणशी महिना ९ डॉलर, जीएसटी वेगळा. कोटेशन सरसकट सगळ्या कर्मचाऱ्यांचं आलं, तर सही करू नका. पीआयएमपुरतं लायसन्स लागतं ते एलिजिबल असणाऱ्यांना, मंजुरी देणाऱ्यांना आणि अ‍ॅक्सेसचा आढावा घेणाऱ्यांना. १२० जणांच्या ऑफिसात सहा अ‍ॅडमिन आणि दोन मंजुरी देणारे धरले तर ८ लायसन्स, महिना ७२ डॉलर. सरसकट घेतलं तर १,०८० डॉलर.

वाचलेला पैसा लॉगसाठी, म्हणजे कुणी कधी काय केलं याच्या नोंदींसाठी, बाजूला ठेवा. पीआयएमची ऑडिट हिस्टरी ३० दिवसांचीच दिसते, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपावे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी डायग्नोस्टिक सेटिंगमधून ऑडिट लॉग मायक्रोसॉफ्टच्या अझ्यूर क्लाउडच्या पुण्यातल्या सेंट्रल इंडिया रीजनमधल्या, नोंदी साठवून शोधू देणाऱ्या लॉग अ‍ॅनालिटिक्सकडे वळवा. साइन-इन लॉगचा पसारा मोठा असतो, ते स्टोरेज अकाउंटमध्ये टाकलेले स्वस्त पडतात. हा खर्च बजेटमध्ये न धरल्यानेच पहिल्या ऑडिटला धावपळ होते.

सेटिंगमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनची मुदत मुळात ८ तासांची असते. सगळे अधिकार असणाऱ्या ग्लोबल अ‍ॅडमिनसाठी ती १ तासावर आणा, कारण आणि तिकीट नंबर सक्तीचा करा. खरी मेख एमएफएच्या, म्हणजे पासवर्डखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा मागण्याच्या, पर्यायात आहे. ‘अ‍ॅक्टिव्हेशनला एमएफए’ एवढंच निवडलं आणि माणसाने सकाळी लॉगिन करताना एमएफए केलेलं असलं, तर दुपारी अ‍ॅक्टिव्हेट करताना पुन्हा विचारणा होत नाही. उघड्या लॅपटॉपसमोर बसलेला कुणीही अधिकार चालू करू शकतो. त्याऐवजी ऑथेंटिकेशन कॉन्टेक्स्ट (ठरावीक कृतीला वेगळी लॉगिन अट लावायची खूण) निवडा आणि त्याला कंडिशनल अ‍ॅक्सेसची (लॉगिनच्या अटी ठरवणारी) पॉलिसी जोडून साइन-इन फ्रीक्वेन्सी ‘दर वेळी’ ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक ठिकाणी राहून जातं.

मंजुरी देणारे किमान दोन हवेतच. स्वतःची विनंती स्वतःला मंजूर करता येत नाही, आणि २४ तासांत उत्तर आलं नाही तर विनंती बाद होते. रात्रपाळीला काम अडतं ते इथे: एक साहेब रजेवर, दुसरे ठाणे-वाशी लोकलमध्ये, आणि महापेत इंजिनिअर ताटकळत बसलेला. पाळ्यांप्रमाणे नावं लावा. दोन आणीबाणीची खाती मात्र कायमच्या अधिकारासह पीआयएमच्या बाहेर ठेवा, त्यांच्या सिक्युरिटी की (लॉगिनच्या छोट्या किल्ल्या) तिजोरीत, आणि ती वापरली गेली की लगेच अलर्ट यायला हवा.

लायसन्सचं नूतनीकरण चुकलं तर एलिजिबल नेमणुका काढून टाकल्या जातात. कायमच्या नेमणुका तेवढ्या उरतात. म्हणजे पैसे थकले की सगळी शिस्त मोडते आणि घाईघाईत पुन्हा कायमचे अधिकार वाटले जातात. रिन्यूअलची तारीख अकाउंट्सच्या कॅलेंडरवरही टाका.

ऑफिसातल्या जुन्या विंडोज सर्व्हरच्या लोकल अ‍ॅडमिनपर्यंत पीआयएम पोचत नाही. तिथे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवरच्या खाते-व्यवस्थेची, मुदत संपली की सुटणारी ग्रुप मेंबरशिप वापरा. फॉरेस्टची, म्हणजे त्या अख्ख्या व्यवस्थेची, फंक्शनल लेव्हल विंडोज सर्व्हर २०१६ ची हवी, वेगळं लायसन्स लागत नाही, आणि मेंबरला मिनिटांच्या हिशोबाने मुदत देता येते. मात्र हे फीचर एकदा चालू केलं की बंद करता येत नाही, त्यामुळे आधी टेस्ट फॉरेस्टवर चालवून बघा.