‘यात स्टिरॉइड नाही’ असं सांगून विकलेलं मलम

जांघेतल्या गजकर्णाबद्दल चारचौघांत कुणी बोलत नाही, आणि मी सांगतोय ती फसवणूक याच संकोचावर चालते. माणूस काउंटरवर खालच्या आवाजात “खाजेवरचं काहीतरी द्या” म्हणतो, मागे आणखी गिऱ्हाइकं उभी असतात, ट्यूब खिशात घालून लवकर निघायचं असतं. समोरच्याला हे सगळं पाठ असतं.

मी तरी विचारलं होतं. ट्यूब हातात घेऊन सरळ विचारलं, “यात स्टिरॉइड नाही ना?” “छे हो, साधं बुरशीवरचं आहे. सगळे हेच नेतात.” खोका मागितला तर तो फाटला होता म्हणे. बिल मागितलं तर मशीन बंद. आणि ट्यूबवर जिथे औषधांची नावं छापलेली असतात, बरोबर तिथेच किमतीचं लेबल चिकटवलेलं. या तीन गोष्टी एकाच वेळी योगायोगाने होत नाहीत. खोका गेला की आतलं माहितीपत्रक जातं, लेबल लावलं की नावं जातात, आणि बिल नसलं की ती वस्तू त्या दुकानातून गेलीच नव्हती असं म्हणता येतं.

मलमाने कमाल केली. दुसऱ्या दिवशी खाज नाही, लाली नाही. थोड्या दिवसांनी लावायचं थांबवलं की खाज पुन्हा हजर, आणि चट्टा आधीपेक्षा मोठा. पुन्हा लावलं की पुन्हा शांत. असं करत करत चट्टा मांडीवर उतरला, मागे कुल्ल्यांवर गेला, कमरेच्या पट्ट्याच्या रेषेवरही आला. आणखी एक बदल झाला. गजकर्णाची ती ओळखीची गोल, लाल, खपल्यांची कड पुसट झाली. आता ते गजकर्णासारखं दिसतच नव्हतं. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, “मग दुसरी ट्यूब लागेल.”

शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा चट्टा पाहिला नाही, ट्यूब मागितली. ओल्या कापसाने लेबल सोडवलं. खाली बुरशीवरचं औषध होतं, जंतूंवरचं होतं, आणि क्लोबेटासोल प्रोपियोनेट होतं. त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांमध्ये सगळ्यात तीव्र गटातलं. मग त्यांनी कडेची खपली खरवडून काचपट्टीवर घेतली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकात मलाही पाहू दिलं. बुरशीचे धागेच धागे. खाज नाही म्हणून बुरशी नाही, असा जो माझा समज करून देण्यात आला होता, तो त्या काचेवर संपला.

त्यांनी समजावलं ते असं. खाज आणि लाली बुरशी थेट करत नाही, तिच्याशी झुंजणारी आपली प्रतिकारशक्ती करते. स्टिरॉइड त्या प्रतिकाराला गप्प बसवतं. राखणदाराला झोपेचं औषध पाजून ‘आता घर शांत झालं’ म्हणण्यातला प्रकार. सोबत बुरशीचं औषध असलं तरी अशा मिश्रणात बऱ्याचदा स्टिरॉइडची बाजू वरचढ ठरते आणि बुरशी आडवी पसरते, कधी केसांच्या मुळांतून खोलही जाते. या बदललेल्या रूपाला डॉक्टर मंडळी टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात. हा रोग अनुभवी डोळ्यालाही चकवतो.

दुकानदार ‘लगेच फरक पडेल’ म्हणाला, त्यात तो खोटं बोलत नव्हता. तो लगेच पडणारा फरकच तर विकत होता! नुसत्या बुरशीच्या औषधाने खाज हळूहळू उतरते, एका रात्रीत नाही. म्हणून लावल्या लावल्या जादू झाली, तर आनंद होण्याआधी ट्यूबची मागची बाजू वाचा.

वाचायचं काय? क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, किटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन ही बुरशीवरची औषधं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन ही स्टिरॉइडं. हायड्रोकॉर्टिसोन त्यातलं सौम्य, क्लोबेटासोल दुसऱ्या टोकाला. वेष्टनावर गजकर्णाचं चित्र आहे की पानाफुलांचं, याला काडीचाही अर्थ नाही.

जांघेत हे मलम इतकं का बाधतं, याचं उत्तर जुनंच आहे. 1967 साली फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी शरीराच्या वेगवेगळ्या जागी हायड्रोकॉर्टिसोन किती शोषलं जातं ते मोजलं होतं. हाताच्या कोपराखालच्या भागाच्या तुलनेत जबड्याजवळ ते सुमारे 13 पट आणि वृषणाच्या त्वचेतून तब्बल 42 पट शोषलं गेलं. तळपायातून मात्र सातवा हिस्साच. म्हणजे पायाला चालून गेलेली ट्यूब जांघेला किंवा चेहऱ्याला चालेल असं अजिबात नाही. माझ्या मांड्यांवर आता ज्या रेघा आहेत, पोट सुटल्यावर येतात तशा, त्या फिकट होतील पण पूर्ण जाणार नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. चेहऱ्यावर हेच मलम लावणाऱ्यांना पुरळ, पातळ लाल त्वचा, दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या असं काय काय होतं. डोळ्यांजवळ बराच काळ लावलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूपर्यंत मजल जाते.

बुरशीचं औषध आणि स्टिरॉइड यांचं मिश्रण वाईटच, असं मी म्हणत नाही. फार सुजलेल्या, आग होणाऱ्या चट्ट्यावर डॉक्टर मोजके दिवस असं मलम देतात आणि नंतर नुसत्या बुरशीच्या औषधावर आणतात. पण त्याला मर्यादा असतात. क्लोट्रिमॅझोल आणि बीटामेथासोन डायप्रोपियोनेटच्या मिश्रणाच्या माहितीपत्रकात त्या छापलेल्याच आहेत: जांघेत व अंगावर जास्तीत जास्त 2 आठवडे, पायाला 4 आठवडे, आठवड्याला 45 ग्रॅमपेक्षा जास्त नाही. जांघेत 1 आठवड्यात फरक नसेल तर पुन्हा डॉक्टरांना दाखवायचं. वरून घट्ट पट्टी बांधायची नाही. 17 वर्षांखालच्यांना नको, आणि बाळाच्या लंगोटाखालच्या पुरळावर तर मुळीच नको. हेच ते पत्रक, जे मला खोक्याबरोबर मिळालं नाही.

मला नुसतं बुरशीचं मलम आणि पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या. चट्ट्याच्या कडेबाहेर साधारण 2 सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि दिसेनासं झाल्यावरही सांगितलेली मुदत पूर्ण करायची. स्टिरॉइड थांबवल्यावर सुरुवातीला खाज उसळली, झोप उडाली. त्या दिवसांत ती जुनी ट्यूब पुन्हा हातात घ्यावीशी वाटते, कारण ती ‘काम करत होती’. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणून निभावलं. ज्यांनी मोठ्या भागावर महिनोनमहिने असं मलम लावलंय, त्यांनी मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नये. अंगात शोषलेल्या स्टिरॉइडमुळे शरीरात स्वतः तयार होणाऱ्या स्टिरॉइडची निर्मिती मंदावलेली असू शकते, तेव्हा थांबवायचं कसं तेही डॉक्टरांनाच विचारावं.

दुकानात जाऊन जाब विचारला. उत्तर मिळालं, “तुम्हाला फायदा झालाच होता की! जास्त दिवस लावलंत त्याला आम्ही काय करणार?” किती दिवस लावायचं हे सांगितलं होतं का, यावर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बिल नसल्यामुळे माझ्या हातात काही नव्हतं. तुमच्या हातात असू द्या. खोका, पत्रक आणि बिल न देणाऱ्याकडून त्वचेचं औषध घेऊ नका. घरात आधीच अशी ट्यूब असेल तर ती फेकण्याआधी पुढच्या-मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांना पहिल्यांदा तो दाखवा. रोगाचं रूप बदललेलं असताना निदानाला सगळ्यात जास्त मदत त्याचीच होते.