६८ चं तरट, ७० चा राखाडी की ७२ ची कमान: पहिला विंटेज सेट कुठला घ्यायचा?

टॉप्स या अमेरिकन कंपनीच्या जुन्या बेसबॉल कार्डांत सगळ्यात कुरूप डिझाइन कुठलं, हा वाद कलेक्टर लोकांत काही मिटत नाही. कोणी १९६२ च्या लाकडी बॉर्डरला नावं ठेवतं, कोणी १९७५ च्या दोन रंगांच्या बॉर्डरला, पण बोलणं जरा लांबलं की गाडी शेवटी १९६८, १९७० आणि १९७२ वर येऊन थांबते. नुसता वाद ऐकायचा असेल तर ठीक आहे, पण ज्याला आयुष्यातला पहिला विंटेज सेट जमवायचाय त्याच्यासाठी हा प्रश्न खरा आहे, कारण एखाद्या कार्डावर जे डिझाइन खपून जातं ते सेट जमवताना सहाशे-सातशे वेळा बघावं लागतं. मी काही वर्षांपूर्वी इथे न्यू जर्सीत याच तिघांपुढे अडून बसलो होतो, म्हणून लिहितोय.

६२ चं लाकूड मी या भांडणात धरतच नाही, ते मला मुळात कुरूप वाटत नाही, भिंतीवरच्या जुन्या चौकटीत फोटो लावावा तसं ते दिसतं. ७५ बद्दलही तेच, भडक आहे पण आनंदी भडक आहे.

आधी ७० घेतो. हातात घेतल्यावर असं वाटतं की भिंतीला प्लास्टर झालंय आणि रंग द्यायचा राहिलाय. चारी बाजूंनी राखाडी, खाली तिरक्या वळणदार अक्षरात नाव, बस. पण राखाडीचा एक फायदा लोक सांगत नाहीत, फोटो त्यात उठून दिसतो, निळं आभाळ असलं तर अजूनच, आणि कोपरे झिजले तरी पटकन डोळ्यात भरत नाहीत, त्यामुळे मध्यम अवस्थेतली कार्डं घेणाऱ्याला हा सेट बरा पडतो. शिवाय सिअॅटल पायलट्सची कार्डं आहेत. ही टीम १९६९ चा एकच सीझन खेळली, दिवाळं निघालं आणि १९७० चा सीझन सुरू व्हायच्या जेमतेम आठवडाभर आधी मिलवॉकीला जाऊन ब्रूअर्स झाली, पण कार्डांवर मात्र पायलट्सच राहिली. ती कार्डं बघताना मला दर वेळी वाईट वाटतं. ७२० कार्डांचा सेट, मोठा अडथळा असा कुठला नाही, थर्मन मन्सनचं रुकी कार्ड, म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड, तेवढं जरा जड जातं. तरी खरं सांगू का, दहा पानं उलटली की ७० ची कार्डं मला एकमेकांत मिसळायला लागतात. कुरूप म्हणणार नाही, निरुत्साही म्हणेन. ज्याला फोटोच बघायचेत त्याने बिनधास्त घ्यावा.

खरी अडचण ६८ आणि ७२ मध्ये आहे.

७२ चं कार्ड म्हणजे जत्रेतल्या तंबूची कमान. वरती टीमचं नाव एवढं मोठं, वळवलेलं आणि सावली दिलेलं की आधी तेच वाचलं जातं, मग रंगीत गोलाकार चौकट, त्यात फोटो, आणि खाली एका पट्टीत बिचाऱ्या खेळाडूचं नाव. काही जण त्या चौकटीला थडग्याचा दगड म्हणतात आणि एकदा ऐकलं की तसंच दिसायला लागतं. पण ७२ ला जीव लावणारे लोक खूप आहेत आणि त्यांचं मला पटतं. त्या काळातला अमेरिकेतला सगळा रंग त्यात उतरलाय, खेळाडूंचे लहानपणीचे फोटो आहेत, मैदानावरच्या 'इन अॅक्शन' कार्डांची वेगळी मजा आहे, टीम बदललेल्या स्टीव्ह कार्लटन, जो मॉर्गन, फ्रँक रॉबिन्सन अशांची खास 'ट्रेडेड' कार्डं आहेत, कार्लटन फिस्कचं रुकी आहे. एकेकटं कार्ड म्हणून बघितलं तर तिघांत ७२ च सगळ्यात मजेदार, यात मला शंका नाही.

सेट म्हणून ते महाग पडतं. ७८७ कार्डं, आणि ६५७ पासून पुढचे हाय नंबर, म्हणजे शेवटच्या सिरीजची कार्डं, मिळता मिळत नाहीत. तेव्हा कार्डं सीझनभर सिरीज-सिरीजने यायची, शेवटची सिरीज दुकानात येईपर्यंत पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं असायचं, दुकानदारही कमी मागवायचा, त्याचा भुर्दंड आपण आज भरतोय.

पण मी पैशावरून ७२ सोडला नाही. मी तो सोडला ते एका साध्या गोष्टीवरून, ७२ च्या कार्डावर समोरच्या बाजूला खेळाडूची पोझिशनच लिहिलेली नाही.

ऐकायला क्षुल्लक वाटेल. ज्यांचं लहानपण इथे गेलं त्यांना कदाचित फरक पडणार नाही, त्यांना नाव वाचलं की हा शॉर्टस्टॉप, हा लेफ्ट फील्डर, सगळं पाठ असतं. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस, गली आणि पॉइंट झोपेत विचारा, पण बेसबॉल शिकलो ते वयाच्या चाळिशीत, पोरगा खेळायला लागला म्हणून. आम्हा दोघांचा एक खेळ होता. बाइंडरच्या पानात नऊ कप्पे असतात आणि मैदानावर माणसंही नऊच, तर एका पानावर एक पूर्ण टीम लावायची, पिचर, कॅचर, चारही इनफिल्डर, तिन्ही आउटफिल्डर. रविवारी जेवणं झाली की टेबल पुसून घ्यायचं आणि बसायचं. ६८ च्या कार्डावर खाली उजव्या बाजूला एक रंगीत गोल असतो, त्यात टीम आणि पोझिशन दोन्ही, त्यामुळे पोरगा नऊ वर्षांचा असताना सुद्धा भराभर पान लावायचा. ७२ घेऊन बसलो की दर कार्डाला थांबायचं, उलटं करायचं, मागे बारीक अक्षरात शोधायचं.

आणि आम्ही जागा वाचवायला एका कप्प्यात दोन कार्डं पाठीला पाठ लावून ठेवायचो, म्हणजे मागची बाजू बघायची तर कार्ड बाहेर काढणं आलं. एका रविवारी माँट्रियलच्या कुठल्याशा खेळाडूची पोझिशन बघायला मी कार्ड ओढलं, त्याला चिकटून मागचं कार्डही अर्धं वर आलं आणि कप्प्याच्या कडेला अडकून त्याचा कोपरा दुमडला. मागचं कार्ड होतं रॉड करूचं, ६९५ नंबर, म्हणजे हाय नंबर, दोन महिने शोधून घेतलेलं. दुमडलेला कोपरा अंगठ्याने कितीही दाबला तरी ती पांढरी रेघ जात नाही. पोरगा काही बोलला नाही, त्याने ७२ चा बाइंडर गुपचूप बंद केला आणि ६८ चा पुढे ओढला. तेव्हापासून ७२ माझ्याकडे दोनशेच्या आसपास कार्डांवर थांबलाय.

आता ६८. या बॉर्डरला इथले लोक गोणपाट म्हणून हिणवतात, काहींना त्यात जुन्या रेडिओच्या स्पीकरवरचं कापड दिसतं. दोन्ही बरोबर आहे. पिवळट-तपकिरी विणीची नक्षी, अगदी कडेपर्यंत. मी पहिल्यांदा एका कार्ड शोमध्ये ६८ चा गठ्ठा हातात घेतला तेव्हा मला आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली तरटपट्टी आठवली, ज्याच्यावर आम्ही चौथीपर्यंत मांडी घालून बसलो आणि उठल्यावर पोटऱ्यांवर ज्याची जाळी उमटलेली असायची. अगदी तीच वीण. तेव्हा ज्यांना ती कुरूप वाटते त्यांच्याशी मी भांडणार नाही, त्यांच्या पोटऱ्यांवर ती उमटलेली नाही.

तरी आठवण बाजूला ठेवून बघितलं तरी मला वाटतं ६८ वर अन्याय होतो. जवळून बघा, पहिल्या सिरीजची, म्हणजे १ ते १०९ नंबरची वीण जाडसर आहे आणि पुढच्या सिरीजची बारीक, दोन कार्डं दिवसाच्या उजेडात शेजारी धरली की लगेच कळतं, आणि एकदा कळलं की नंबर न बघता सिरीज ओळखायचा नाद लागतो. ५९८ कार्डं, म्हणजे तिघांत सगळ्यात लहान सेट. आणि वर्ष कसलं! बॉब गिब्सनचा ईआरए (पिचरने दर नऊ इनिंगला दिलेल्या रन्सची सरासरी, कमी तितकी चांगली) १.१२, डेनी मॅक्लेनच्या ३१ विन्स, पिचर लोकांनी बॅटरना इतकं छळलं की पुढच्या वर्षी माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो उंचवटा, १५ इंचावरून १० इंचावर आणावा लागला. मिकी मँटलचा खेळाडू म्हणून हा शेवटचा सीझन. विली मेज, हँक अॅरन, सगळे दिग्गज त्याच तरटावर बसलेले.

दोष आहेत, लपवत नाही. त्या सुमारास टॉप्स खेळाडूला वर्षाला १२५ डॉलर द्यायचं, खेळाडूंच्या संघटनेचे मार्व्हिन मिलर यांनी सांगितलं की करार सुधारेपर्यंत त्यांच्या फोटोग्राफरसमोर उभं राहायचं नाही. १९६८ संपता संपता तडजोड झाली, १२५ चे २५० झाले आणि वर विक्रीतला हिस्सा. मिलर यांचं बरोबरच होतं, पण तोवर टॉप्सने जुने फोटो वापरून दिवस काढले, ६९ मध्ये ते सगळ्यात जास्त दिसतं आणि ६८ मध्येही बोडक्या डोक्याचे, म्हणजे टोपीवरची जुनी टीम दिसू नये असे फोटो भेटतात. ७० चे फोटो ताजे दिसतात त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. ६८ मध्ये १५० नंबरच्या कार्डावर 'बॉब क्लेमेंटे' छापलंय. ते पोर्टो रिकोचे, त्यांना रोबेर्तो या खऱ्या नावानेच हाक मारलेली आवडायची, तसं ते सांगायचेही, तरी टॉप्स वर्षानुवर्षं बॉबच छापत राहिलं, ७० मध्ये कुठे रोबेर्तो परत आलं. मीही इथे पहिल्या नोकरीत तीन अक्षरी नावाने वावरलोय, त्यामुळे ते कार्ड बघताना प्रत्येक वेळी मनात सल उठतो. ७० ला एवढं श्रेय द्यायलाच हवं.

आणि तिसरा अडथळा म्हणजे नंबर १७७, नोलन रायन आणि जेरी कूस्मन यांचं रुकी. एकच कार्ड बाकीच्या सेटला भारी पडू शकतं. जॉनी बेंचचं रुकी, २४७, त्या मानाने आवाक्यात येतं. ज्याला सेट शंभर टक्के पूर्ण झाल्याशिवाय झोप लागत नाही त्याने याचा विचार आधीच करावा, अशा माणसाला कदाचित ७० च बरा.

माझा ६८ मात्र ५९७ वर आहे आणि १७७ चा कप्पा रिकामा ठेवलाय, त्या पानावर बरोबर मधोमध येतो. पोरगा आता कॉलेजात आहे, सुट्टीत आला की आधी ते पान उघडून बघतो. तुम्ही ६८ ला हात घालणार असाल तर आधी पहिल्या सिरीजची आणि नंतरच्या सिरीजची थोडी थोडी कॉमन, म्हणजे फार नाव नसलेल्या खेळाडूंची स्वस्त कार्डं घ्या, आठवडाभर टेबलावर राहू द्या, येता-जाता बघा. आवडली नाहीत तर फार पैसे गेले नाहीत. आवडली तर माझ्याकडे डबल पडलेली चाळीसेक आहेत, पिचर जास्त, कॅचर फक्त दोन.