दहा वर्षं जपलेली फोर रोझेस: दोन बाटल्या, आठ महिने

2015 च्या सप्टेंबरात घाईघाईने घेऊन ठेवलेली फोर रोझेस या केंटकीच्या बर्बनची, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीची, एक सिंगल बॅरल बाटली आणि 2025 च्या सप्टेंबरात घेतलेली दुसरी, अशा दोन बाटल्या गेले आठ महिने मी शेजारी शेजारी ठेवून पितोय. महिन्यातले तीन-चार रविवार, जेवणाआधी, दोन ग्लासांत वीस-वीस मिली, बाजूला पाण्याचा तांब्या आणि एक वही. वही आता जवळजवळ भरली आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी इंडियानातल्या कोलंबसला राहतो. डिझेल इंजिनांच्या कामामुळे इथे पुण्याची माणसं पैशाला पासरी. गणपती बसतात, फराळाची ताटं फिरतात. केंटकीची हद्द तासा-सव्वा तासावर असल्याने बर्बनही हळूहळू घरात येतं. माझ्या घरात ते फोर रोझेसच्या रूपाने आलं, आणि त्यामागे जिम रटलेज हे नाव होतं.

1 सप्टेंबर 2015 ला रटलेज फोर रोझेसच्या मास्टर डिस्टिलर, म्हणजे व्हिस्की गाळण्याच्या कामाच्या प्रमुख, पदावरून निवृत्त झाले. त्या आठवड्यात आमच्या बर्बन पिणाऱ्यांच्या गटात घरातलं वडीलधारं माणूस गावी परत निघाल्यासारखं वातावरण होतं. एकाने सहा बाटल्या उचलल्या. दुसरा केंटकीतल्या लॉरेन्सबर्गला, फोर रोझेसच्या डिस्टिलरीत जाऊन नुसता आवारात फिरून आला. मी ज्या दुकानात जायचो तिथल्या मालकाने सिंगल बॅरलवर पंधरा डॉलर चढवले आणि वर म्हणाला, 'आता ही परत मिळायची नाही.' मी मुकाट्याने पैसे दिले. त्याचा मला आजही राग आहे. पंधरा डॉलर गेले त्याचं काही नाही, पण माणसाच्या निवृत्तीवर असा भाव लावायचा नसतो.

लोकांना रटलेज यांच्याबद्दल एवढी माया का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. ते 1966 मध्ये सीग्रॅम या मोठ्या मद्य कंपनीत लागले. फोर रोझेस हा ब्रँड 1943 पासून सीग्रॅमकडे होता, आणि पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी कंपनीने अमेरिकेत या नावाची अस्सल बर्बन विकणंच थांबवलं. चांगला माल युरोपला आणि जपानला जायचा. अमेरिकेतल्या दुकानात त्याच नावाने स्वस्तातली मिश्र व्हिस्की मिळायची, अगदी खालच्या फळीवरची. म्हणजे लॉरेन्सबर्गच्या माणसांनी इतकी सुंदर बर्बन काढायची, आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी त्या नावाला नाक मुरडायचं. हे अर्धशतकाच्या आसपास चाललं. रटलेज 1990 च्या दशकात तिथे मास्टर डिस्टिलर झाले आणि ही बर्बन घरी परत आणा म्हणून वरच्यांच्या मागे लागले. सीग्रॅमचा पसारा मोडला, 2002 मध्ये जपानच्या किरिनने फोर रोझेस घेतलं, आणि मग कुठे ते झालं. मिश्र व्हिस्की बंद झाली, बर्बन परत आली. 2004 मध्ये सिंगल बॅरल आली, 2006 मध्ये स्मॉल बॅच, म्हणजे मोजकी पिंपं एकत्र करून भरलेली. ज्या जपानी माणसांनी इतकी वर्षं ही बर्बन चवीने प्यायली, त्यांच्याच देशातल्या कंपनीने ती केंटकीला परत दिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता बाटलीत काय असतं ते. बर्बनला किमान 51 टक्के मका लागतो, आतून जाळलेलं नवंकोरं ओकचं पिंप लागतं, पिंपात भरताना अल्कोहोल 62.5 टक्क्यांच्या वर चालत नाही आणि पाण्याशिवाय बाहेरून काहीही घालता येत नाही. एवढी बंधनं असताना डिस्टिलरच्या हातात उरतं ते धान्याचं प्रमाण, यीस्ट आणि पिंपांची निवड. फोर रोझेसकडे धान्याची दोन प्रमाणं आहेत: एकात 75 टक्के मका आणि 20 टक्के राय (गव्हासारखं एक धान्य), दुसऱ्यात 60 टक्के मका आणि 35 टक्के राय. उरलेले 5 टक्के दोन्हींत मोड आणलेलं बार्ली. आणि यीस्ट पाच. दोन पंचे दहा, अशा दहा वेगवेगळ्या व्हिस्क्या एकाच छपराखाली निघतात.

यीस्टचं मी घरच्यांना विरजणाच्या भाषेत सांगतो. दूध तेच, भांडं तेच, पण आईचं विरजण आणि शेजारच्या काकूंचं विरजण वेगळं, म्हणून दही वेगळं. सीग्रॅमच्या केंटकीत एकेकाळी पाच डिस्टिलऱ्या होत्या आणि प्रत्येकीचं यीस्ट निराळं. बाकीच्या गेल्या, यीस्ट मात्र लॉरेन्सबर्गला एकत्र नांदलं. 'के' मसालेदार, 'ओ' पिकल्या फळांचं, 'क्यू' फुलांचं, 'एफ' हिरव्या पाल्याचं, 'व्ही' नाजूक फळांचं. सिंगल बॅरलमध्ये जास्त रायचं धान्य आणि 'व्ही' यीस्ट असतं, आणि ती 50 टक्क्यांवर भरतात. साधी बाटली 40 टक्क्यांची, तिच्यात या दहांतलं काहीही मिसळलेलं असू शकतं. स्मॉल बॅच 45 टक्क्यांची, चार प्रकारांची.

दहा वर्षं मी थांबलो त्याचं कारण साधं आहे. सिंगल बॅरल साधारण सात ते नऊ वर्षं पिंपात मुरते. म्हणजे 2015 मध्ये जी बाटली मी धावत जाऊन घेतली, ती 2006 ते 2008 च्या सुमाराला गाळलेली. रटलेज गेल्यावर पुढची सहा-सात वर्षं दुकानात जी सिंगल बॅरल येत होती, तीही त्यांच्याच हातची! सहा बाटल्या उचलणाऱ्या मित्राला मी हे तेव्हाच सांगितलं होतं, पण त्या आठवड्यात कोण ऐकणार? 2016 मध्येच नवी बाटली आणून 'चव बिघडली' म्हणणारेही भेटले. त्यांच्या ग्लासात रटलेजच होते. खऱ्या अर्थाने नव्या माणसाच्या काळात गाळलेली सिंगल बॅरल हातात पडायला 2023-24 उजाडणार होतं. मी आणखी वर्षभर थांबलो आणि मग जुनीचं सील तोडलं.

तोडताना काळजाचा ठोका चुकला. घर बदलताना मी जुनी बाटली खोक्यात आडवी ठेवली होती आणि ती तशीच दोन वर्षं राहिली. वाइन आडवी ठेवतात, बर्बन उभीच ठेवावी, कारण एवढ्या कडक अल्कोहोलने बूच भुसभुशीत होतं. बूच अर्ध्यात तुटलं, अर्धं आत पडलं. कॉफीच्या कागदी गाळणीतून अख्खी बाटली गाळून घेतली आणि धुऊन वाळवलेल्या दुसऱ्या बाटलीत भरली. चवीला धक्का लागला नव्हता. लेबलवर हाताने लिहिलेला गोदामाचा आणि पिंपाचा क्रमांक मात्र मी वहीत उतरवून घेतला. ते अक्षर मला फार आवडतं. कुणीतरी त्या एका पिंपासाठी पेन हातात घेतलेलं असतं.

पहिल्या महिन्यात दोघींत फरक ढळढळीत होता. जुनीचा वास पिकलेल्या नासपतीचा, मागून मध, आणि तळाशी साबुदाण्याच्या खिरीतल्या वेलदोड्यासारखं काहीतरी. घोट घेतला की राय हळू येते, दालचिनीची पूड जिभेच्या कडांना लागावी तशी, आणि मग बराच वेळ रेंगाळते. नवी आल्या आल्या मिरी दाखवायची. नासपती होती, पण कच्ची, करकरीत. पहिल्या चार रविवारी वहीत मी तोऱ्यात लिहिलंय: 'जुनी ती जुनीच.'

दिवाळीला अण्णा आले, माझे वडील. सांगलीकडच्या साखर कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पॅनवर, म्हणजे रस आटवून साखर धरवायच्या कढईवर, काढली. साखरेचा दाणा धरला की नाही हे ते काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन, दिव्यासमोर धरून सांगायचे. ते पीत नाहीत. मी दोन्ही ग्लास पुढे केले, नुसता वास घ्या म्हटलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला, एकेक ग्लास तळव्यात धरून ऊब दिली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

'ह्यात गूळ उतरलाय चांगला. ही जुनी असणार,' म्हणाले.

ती नवी होती.

मी सगळी हकिकत सांगितली, रटलेज, निवृत्ती, लोकांची धावपळ. अण्णा म्हणाले, 'मी सुटलो त्याच्या दुसऱ्याच हंगामात गावात बोलायला लागले, अण्णा गेले आणि दाणा बिघडला. अरे, त्या साली ऊसच उशिरा तुटला होता. माझ्या जागी आलेला पोरगा बारा वर्षं माझ्याच शेजारी उभा होता की.'

हे ऐकल्यावर मी ब्रेंट एलियट यांच्याबद्दल नव्याने विचार केला. रटलेज यांच्यानंतर तेच मास्टर डिस्टिलर झाले. मूळचे केंटकीचेच, रसायनशास्त्र शिकलेले. 2005 पासून ते फोर रोझेसमध्ये गुणवत्तेचं काम बघत होते. म्हणजे दहा वर्षं त्याच पिंपांचे नमुने, त्याच टेबलावर, रटलेज यांच्याबरोबर चाखलेले. आम्ही 2015 मध्ये एका माणसाच्या जाण्याचं दुःख करत होतो, ते खरंच होतं. पण शेजारी उभा असलेला माणूस आम्ही पाहिलाच नव्हता.

मग जानेवारीत मी तिसरी बाटली आणली, नव्यातलीच, पण वेगळ्या पिंपाची. माझ्या परीक्षेतली खरी चूक इथे कळली. सिंगल बॅरल म्हणजे एकाच पिंपातली बर्बन. माझी जुनी हे एक पिंप आणि नवी हे एक पिंप, त्यावरून दोन माणसांचा निवाडा कसा करायचा? तिसरी बाटली दुसरीपेक्षा इतकी निराळी निघाली की दोन नव्यांमधलं अंतर जुन्या-नव्यातल्या अंतराएवढंच भरलं. तिसरीत पिकलं आलुबुखार होतं, मागे कोको, आणि मिरी अगदी शेवटाला. फोर रोझेसची गोदामं कॉक्सेस क्रीकला आहेत, सगळी एकमजली. केंटकीत इतर ठिकाणी सात-सात, नऊ-नऊ मजली गोदामं असतात, वर उकाडा, खाली गारवा, आणि पिंपापिंपांत मोठा फरक पडतो. एकमजली गोदामात हा फरक कमी असतो. कमी असूनही एवढा! लाकूड शेवटी लाकूड आहे.

आणखी एक गोष्ट आठ महिन्यांत घडली, जी एका बैठकीत कधीच दिसली नसती. बाटली अर्ध्याखाली गेली की आतली हवा काम करते. नवी मार्चपर्यंत मऊ झाली, मिरी मागे सरली, नासपती पिकली. जुनी मात्र एप्रिलपासून उतरायला लागली. वास आहे, पण मधला भराव गेलाय. कधी कधी नुसतं ओलं लाकूड आणि मध. ज्यांनी 2015 च्या बाटल्या उघडून 'खास पाहुण्यांसाठी' ठेवल्यात त्यांना माझं सांगणं आहे, उघडली असेल तर वर्षभरात संपवा, निदान लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.

नवी घ्यावी का? जरूर घ्यावी. माझ्याकडे ती चाळीस-पंचेचाळीस डॉलरना मिळते, आणि त्या पैशात 50 टक्क्यांची, इतकी फळाळ बर्बन मला दुसरी माहीत नाही. बर्फ घालू नका, चमचाभर पाणी घाला. मटणाच्या तिखट रश्श्याबरोबर ती जात नाही, दोघं एकमेकांवर ओरडतात. जेवणाआधी भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर घ्या. पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी एवढंच की फेब्रुवारी 2025 मध्ये भारताने बर्बनवरचं आयातशुल्क 150 वरून 100 टक्क्यांवर आणलं, पण इथून येणाऱ्याला एक बाटली आणायला सांगणं अजूनही स्वस्त पडेल.

पण एलियट यांचा हात ओळखायचा असेल तर सिंगल बॅरल ही जागा नाही. ती पाककृती त्यांना वारशाने मिळाली, ती त्यांनी सांभाळली. त्यांचा स्वतःचा हात 2019 मध्ये आलेल्या स्मॉल बॅच सिलेक्टमध्ये दिसतो. सहा प्रकारांची, 52 टक्क्यांची, भरण्याआधी थंड करून गाळणीतून न काढलेली. नेहमीच्या स्मॉल बॅचमध्ये 'ओ' आणि 'के' यीस्ट असतात, इथे त्यांनी 'व्ही', 'के' आणि 'एफ' घेतले. त्या 'एफ'मुळे पुदिन्याची, ओल्या पाल्याची एक रेघ मधूनच जाते. असं रटलेज यांनी केलं नसतं असं मला वाटतं, आणि म्हणूनच ती मला मनापासून आवडते. या आठ महिन्यांत तिच्या दोन बाटल्या संपल्या, त्याही वहीत न लिहिता.

रटलेज यांनी पुढे जे. डब्ल्यू. रटलेज या नावाने स्वतःचं काम सुरू केलं आणि क्रीम ऑफ केंटकी हे जुनं नाव परत आणलं. एक विस्मरणात गेलेली बर्बन घरी आणून झाल्यावर त्यांना दुसरीही आणावीशी वाटली, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे.

एक गोष्ट अजून बघायची आहे. लॉरेन्सबर्गच्या त्या 1910 च्या पिवळ्या इमारतीला, जी पाहून मला प्रत्येक वेळी गोव्यातला एखादा कौलारू वाडा आठवतो, जोडून मोठी वाढ झाली. ते काम 2019 मध्ये पुरं झालं आणि क्षमता दुप्पट झाली. माझी नवी बाटली त्याच्या आधी गाळलेली. वाढलेल्या भट्टीतली सिंगल बॅरल आता कुठे बाहेर पडू लागेल. तेव्हा एक बाटली घेऊन ठेवणार आहे, उभी.

जुनीत तीन बोटं शिल्लक आहेत. सहा बाटल्या उचलणारा मित्र या शनिवारी येतोय, त्याच्याकडच्या पाच अजून बंद आहेत. तीन बोटं त्या रात्री संपवायची आणि त्याला त्यातली एक उघडायला लावायची, असं ठरवलंय.